किल्ली माझ्याकडं व्हती

बा,

तुला वाचता येत नव्हतं, आणि तू गेलास त्यालाही आता माझं जवळजवळ सगळं आयुष्य उलटून गेलं. तेव्हा हे पत्र तुला पाठवायचा प्रश्नच येत नाही. तरी लिहिते आहे. आज उत्तम शुक्रवार. बारा ते तीन मंदिरात बसून आले. नवे पाळक तरुण आहेत, आवाज चांगला लागतो त्यांचा. वधस्तंभाविषयी बोलता बोलता ते म्हणाले की दुःख हे देवानं आपल्या लाडक्यांना दिलेलं देणं आहे, आणि जो ते मुकाट्यानं सोसतो त्याच्या सोसण्यातून दुसऱ्यांचं तारण होतं. शेजारच्या बाईंनी डोळे मिटून मान डोलावली. माझ्या कपाळाची शीर मात्र ठणकायला लागली. वाटलं, उठावं आणि विचारावं, साहेब, तुम्ही कधी दुसऱ्याच्या सोसण्यावर वाढलात का? मी वाढले आहे. त्या घासाची चव मला विचारा. पण गुडघे धरलेले, आणि आता या वयात तमाशा कशाला म्हणून बसून राहिले. घरी आले, चहासुद्धा टाकला नाही, वही ओढून बसले. मी तुझ्यावर रागावलेली आहे बा. त्यांच्यावरही आहे, पण तुझ्यावर जास्त. ते एकदा तुला सांगून टाकते.

महाडचा आपला दवाखाना आठवतो का? बाजाराच्या खालच्या अंगाला, सावित्रीकडे उतरणाऱ्या वाटेवर. पुढं औषधांची खोली, मागं चार खाटा, आणि त्याच्या मागं आपली एक खोली, जिथं आय चूल पेटवायची. तू दवाखान्यातला गडी. झाडायचास, पाणी तापवायचास, पट्ट्या उकळायचास, गळू कापताना माणसाला धरून ठेवायचास. तुझ्या हाताला फिनेलचा वास होता. कितीही राख लावून घासलेस तरी तो जायचा नाही, आणि तू मला नाचणीची भाकरी मोडून द्यायचास तेव्हा भाकरीलाही तो लागायचा. मला तो आवडायचा, हे मी तुला कधी सांगितलं नाही. औषधांच्या कपाटाची किल्ली तुझ्या करगोट्याला असायची. मडमसाहेब गोऱ्या, डॉक्टरीण, मराठी अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायच्या, पण त्यांना स्वतःचा चष्मा सापडायचा नाही. म्हणून किल्ली तुझ्याकडे. चालताना ती वाजायची आणि आय म्हणायची, आला बग साहेब.

आणि तू काही गरीब गाय नव्हतास. हे मला पाळकांना सांगायचं होतं. चवदार तळ्याचं झालं त्या साली आपल्या मंडळीत सगळ्यांना ताकीद होती की आपण आता ख्रिस्ती, आपल्याला त्या भानगडीशी काय करायचं आहे. तू मंदिराच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणालास, "का वो, तहान काय बाप्तिस्म्यानं भागते?" आणि गेलास सगळ्यांबरोबर. ओंजळ भरून पाणी प्यायलास. नंतर रस्त्यात ज्या काठ्या बसल्या त्यातली एक तुझ्या खांद्यावर बसली, आणि मडमसाहेबांनी स्वतः पट्टी बांधली. आय रडत होती आणि तू हसत होतास. "काय गो रडतेस, पानी ग्वाड व्हतं," म्हणालास. मी दहा वर्षांची होते. मला वाटलं, माझ्या बापाला या जगात कुणी वाकवू शकत नाही. तळ्यावर तू वाकलास तो पाणी प्यायला वाकलास. मग पुढच्याच वर्षी, बा, तू जे वाकलास ते कशासाठी?

भाद्रपद होता. पाऊस ओसरत आला होता, भातं पोटऱ्यात होती, आणि नदीकाठच्या वस्त्यांमध्ये थंडीतापानं घरंच्या घरं झोपली होती. दवाखान्याच्या ओट्यावर रोज माणसं घोंगड्या पांघरून थडथडत बसलेली असायची. मुंबईहून औषध यायचं ते आगबोटीनं, दासगावला उतरून. आगबोट पावसाळ्यात बंद, ती अजून सुरू व्हायची होती. कपाटात थंडीतापावरच्या कोयनेलचा एकच मोठा डबा उरला होता. मडमसाहेब एकेक गोळी मोजून द्यायच्या. आणि एका सोमवारी सकाळी कपाट उघडलं तर डबा नाही. कुलूप फोडलेलं नाही. किल्ली तुझ्या करगोट्याला.

त्या सकाळी मी शाळेच्या ओट्यावर पाढे म्हणत होते. शाळा म्हणजे मंदिरामागची एक खोली आणि एक मास्तर. गावातल्या दुसऱ्या शाळेत आपल्या वस्तीतल्या पोरांना बाहेर बसवायचे. इथं आत बसता यायचं, म्हणून आपली पोरं इथं. मास्तर घाटावरचे, तरुण, अक्षर मोत्यासारखं. संध्याकाळी ते दवाखान्याची वही लिहायलाही यायचे. तर मी पाढे म्हणता म्हणता पाहिलं की तू दवाखान्यातून बाहेर आलास आणि तुझ्या चालण्याचा आवाज येत नव्हता. किल्ली काढून घेतली होती. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. दुपारपर्यंत सगळ्या महाडला माहीत झालं की मिशनच्या गड्यानं गरिबांचं औषध विकलं.

त्यापुढचे आठ-दहा दिवस माझ्या मनातून आजही जात नाहीत. माणसं ओट्यावर यायची आणि मडमसाहेब हात जोडून त्यांना परत पाठवायच्या. पोलिसांत द्यायचं नाही असं त्यांनीच ठरवलं. खोली मात्र रिकामी करायची होती. आय भांडी बांधत होती तेव्हा ती बाई आली. आपल्याच वस्तीतली, नदीवर वाळूच्या पाट्या वाहणारी. तिचं दोन वर्षांचं पोर आदल्या दिवशी तापात गेलं होतं. ती दारात उभी राहिली. ओरडली नाही, ते मला अजून आठवतं. अगदी हळू बोलली.

"माजं पोर रातभर फणफणत व्हतं. मडम म्हनली, कोयनेल नाय. तुज्यापाशी व्हतं ना रं? कुनाला दिलंस? सांग तरी, कुनाच्या घशात घातलंस?"

तू खाली मान घालून उभा. आय तुझा दंड धरून हलवत होती. "बोला ना वो! काय तरी बोला! सांगा तिला!"

तू आयला म्हणालास, "आत जा तू."

मग त्या बाईनं खाली वाकून मूठभर माती उचलली आणि तुझ्या छातीवर मारली. "तुजं कदी भलं व्हनार नाय," म्हणाली, आणि गेली. तू ती माती झटकलीसुद्धा नाहीस. तसाच उकिडवा बसलास आणि गाठोडं बांधायला लागलास.

मंडळीनं तुला प्रभुभोजनातून बंद केलं. आपण आयच्या माहेरी, पोलादपूरच्या पुढं आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत जायचं ठरलं. आणि तेव्हा मास्तर उभे राहिले. मडमसाहेबांसमोर, पाळकसाहेबांसमोर ते म्हणाले की बापाच्या पापाची शिक्षा लेकराला नको, पोरगी हुशार आहे, तिला इथंच ठेवू. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. केवढं मोठं मन! मला मंदिराशेजारच्या घरात, शिवण शिकवणाऱ्या विधवा बाईंपाशी ठेवलं. मी रोज देवाचे आभार मानायची, आणि मास्तरांसाठी प्रार्थना करायची. त्यांचं नाव घेऊन, गुडघे टेकून. ऐकतोस ना बा? गुडघे टेकून.

तू घाटाच्या रस्त्यावर खडी फोडायला लागलास. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, तू पोलादपूरकडून चालत महाडला यायचास. मंदिराच्या आत येऊन मागं बसायला तुला कुणी बंदी केली नव्हती, पण तू पायरीच्या खाली बसायचास. आत भाकर मोडली जायची, प्याला फिरायचा, आणि उघड्या दारातून मला तुझं डोकं दिसायचं. सगळं संपलं की तू फाटकापाशी थांबायचास. मी यायची. फाटक मी उघडायची नाही, बाईंना आवडत नाही असं सांगायची. तू गजांतून मला काहीबाही द्यायचास. एकदा पाच गारगोट्या दिल्यास, खडीतून निवडलेल्या, दगडावर घासून घासून गोल केलेल्या, मुलींना खेळायला. किती दिवस घासत होतास कोण जाणे. तुझ्या बोटांची टोकं फुटलेली होती. मी घेतल्या आणि तू वळलास तेव्हा कठड्यावर ठेवून आत गेले.

नाताळच्या सुट्टीत मी वाडीला आले होते, ते आठव. मुली मला चोराची पोर म्हणायच्या, म्हणून मी सांगितलं की आता शाळा नको, मी इथंच राहते, आयबरोबर गवत कापीन. आयुष्यात एकदाच तू माझ्यावर हात उचललास तो तेव्हा. गाल सणसणला. "साळा सोडायचं नाव काडू नको," म्हणालास. "ती फुकट नाय मिळाली."

मी फणकारले. "तुला काय पडलं तिचं? मास्तर होते म्हणून मिळाली! ते देवमाणूस आहेत."

तू चुलीपाशी बसला होतास. ताटलीतली भाकरी तू तोडलीस, कालवणात बुडवलीस, चावलीस, गिळलीस. मग म्हणालास, "व्हय. मास्तरांचं ऐकत जा."

आय ताडकन उठून बाहेर गेली. मला वाटलं, माझ्या उद्धटपणामुळे गेली.

तू गेलास तो माघात. आधी खडीची कपची डोळ्यात गेली होती, तो डोळा चिघळला. मग छाती भरली. दवाखान्यात आणतो म्हणून मामा विनवत होता, तू यायला तयार नव्हतास. मामा महाडला निरोप घेऊन आला तेव्हा मी पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, चला, माझ्या बापाला मूठमाती द्यायला चला. ते म्हणाले, तो मंडळीबाहेरचा होता, मला विधी करता येणार नाही, पण मी इथून प्रार्थना करीन. इथून! जो मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं सोडून एकासाठी रानात गेला त्याच्याविषयी हाच मनुष्य दर वर्षी दोनदा उपदेश करायचा, आणि त्याला पोलादपूरपर्यंत बैलगाडीनं येववलं नाही. मास्तरांनी मला सुट्टी दिली. ते रडले. एका चोरासाठी हा माणूस रडतो आहे, या विचारानं मला त्यांच्याविषयी आणखी भरून आलं. वाडीत तुझ्यावर माती लोटली तेव्हा प्रार्थना आयनं म्हटली. मधली दोन वाक्यं तिला आठवली नाहीत, ती तिनं तशीच सोडून दिली आणि आमेन म्हणाली.

पुढं मी पुण्याला शिकून आले आणि त्याच शाळेत मास्तरीण झाले. मास्तर आता हेडमास्तर, केस अर्धे पिकलेले. मंडळी त्यांना वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारा पंच, म्हणून निवडणार होती. एका शुक्रवारी दुपारी, पोरं घरी गेल्यावर, ते माझ्या वर्गात आले आणि पोरांच्या बाकावर बसले. छत्रीची मूठ फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाई, तो डबा मी नेला होता."

मला आधी कळलंच नाही, कुठला डबा.

त्यांनी सगळं सांगितलं. घाटावर त्यांच्या भावाच्या घरात तिघं तापानं पडली होती. मडमसाहेबांकडे मागायची त्यांना लाज वाटली, कारण ओट्यावरच्यांनाच जेमतेम पुरेल एवढं आहे असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. त्यांनी वही लिहायच्या निमित्तानं तुझ्याकडून किल्ली घेतली आणि डबाच्या डबा घाटावर जाणाऱ्या गाडीवानाबरोबर पाठवून दिला. सोमवारी मडमसाहेबांनी दोघांना समोर उभं केलं. तू मास्तरांच्या तोंडाकडे एकदा पाहिलंस, आणि ते काही बोलायच्या आधी म्हणालास, "किल्ली माझ्याकडं व्हती, मडमसाहेब." मडमसाहेबांनी विचारलं, "तू घेतलास?" तू गप्प. पुन्हा विचारलं. तू गप्प. त्यांनी ते कबुली म्हणून घेतलं.

"मी संध्याकाळी त्याला गाठलं," मास्तर म्हणाले. "म्हटलं, मी जाऊन सांगतो. तर त्यानं मला शपथ घातली. म्हणाला, मास्तर, तुम्ही गेलात तर साळा मोडंल. मुंबईचे साहेब बंद करायला टेकलेच हायत. माज्या जागी कुनी बी झाडू मारील, तुमच्या जागी कोन येनार हाय? आत बसून शिकतायत पोरं, शिकू द्या. त्यात माजी पोर बी हाय."

मी विचारलं, "आणि तुम्ही ऐकलंत?"

"मी भ्यालो होतो बाई."

"ज्या बाईचं पोर गेलं, तिनं माझ्या बापाला मातीनं मारलं, ते तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"तो पायरीखाली बसायचा तेव्हा तुम्ही आत प्याला घ्यायचात?"

ते बाकावरून उठायला लागले. मी म्हटलं, "हे मला एकटीला सांगून हलकं व्हायचं नाही. परवा रविवार आहे. सगळ्यांसमोर सांगा."

आणि त्यांनी सांगितलं, ते मला मान्य केलं पाहिजे. वेदीपाशी उभे राहून, रडत रडत, काही न लपवता सांगितलं. पण मग काय झालं ते ऐक बा, कारण माझा सगळा संताप तिथं आहे. आधी कुणीतरी हुंदका दिला. मग सगळे रडायला लागले. पाळकसाहेब, तेच, जे इथून प्रार्थना करणार होते, ते पुढं आले, त्यांनी मास्तरांना मिठी मारली आणि म्हणाले की आज स्वर्गात आनंद होत असेल, एक पापी परत आला. गीत सुरू झालं. पुरुष उठून मास्तरांचे हात हातात घ्यायला लागले. किती धैर्य! केवढा पश्चात्ताप! देवाची कृपा कशी खोल आहे! तुझं नाव कुणी घेतलं नाही. एकानंही नाही. त्या पापाचं जे व्हायचं होतं ते तुझ्या अंगावर होऊन गेलं होतं, आणि कौतुक होत होतं ज्यानं केलं त्याचं.

मी बायकांच्या बाजूनं उठले. गीत चालूच होतं, मी पेटीच्या आवाजावर ओरडले, "थांबा!" पेटी थांबली. मी म्हटलं, "तुम्ही कुणासाठी रडताय? या माणसाचा दहा वर्षांत एक घास कमी झाला नाही. माझा बाप या पायरीखाली बसत होता. उन्हात बसत होता. त्याचा डोळा गेला तेव्हा त्याला दवाखान्यात यायला तोंड नव्हतं. माझ्या आयनं त्याला पुरलं, कारण तुम्ही आला नाहीत. आज तुम्हाला कृपा आठवते. ती कृपा कोणाच्या हाडांवर उभी आहे ते तरी बघा. तुमचं तारण फुकट झालं असेल, आमचं घर त्यात गेलं." पाळकसाहेब म्हणाले, "बाई, शांत व्हा, हे देवाचं घर आहे." मी म्हटलं, "तर मग त्याला बाहेर का बसवलंत?"

मागच्या कोपऱ्यातून ती वाळूवाली बाई उठली. तीही एव्हाना मंडळीत आली होती, खूप थकली होती. ती काठी टेकत मास्तरांपर्यंत गेली. मला वाटलं, ती त्यांना मारणार. तिनं फक्त त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी त्याला रोज शिव्या दिल्या. पानी भरताना, पाटी उचलताना. तो मेला त्या दिशी मी ग्वाड केलं. आता त्या शिव्या मी माघारी कशा घेऊ, सांगा मास्तर. तुमी शिकल्याले हाव."

मास्तर खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवर. त्या दिवशी प्रभुभोजन झालंच नाही. भाकर कापडाखाली झाकलेली तशीच राहिली.

नंतर मंडळीनं ठराव करून तुझं नाव पुन्हा यादीत घातलं. मेलेल्या माणसाला प्रभुभोजनाची मोकळीक! मास्तरांनी वडीलपण घेतलं नाही. शाळा सोडतो म्हणाले, तेव्हा मीच त्यांना म्हटलं की सोडायची नाही, ज्यासाठी माझा बाप गेला ते काम करा, मरेपर्यंत करा. केलं त्यांनी. आम्ही एका ओट्यावर शेजारी शेजारी वर्ग घेतले, आणि कामापलीकडे मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना क्षमा केली का, असं तरुण पाळक मला विचारतील. ठाऊक नाही. त्यांच्या आजारपणात मी पेज करून पाठवत होते. घेऊन मात्र कधी गेले नाही. तुझ्यावर दगडी क्रूस उभारावा म्हणून मंडळीतले चौघं वाडीला गेले होते. आयनं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "त्याच्यावर आनी दगड कशाला? दगडानंच गेला तो."

तुझा हिशेब चुकला नव्हता, हेही मला कळतं. शाळा टिकली. आपल्या वस्तीतली पोरं शिकली, कारकून झाली, शिक्षक झाली, मुंबईला गेली. मी शिकले. तू सोडवलेल्यांत पहिली मी. पण मला सोडवताना तू मला विचारलंस का? आयला विचारलंस? ख्रिस्तानं निदान बागेत गुडघे टेकून बापाला विचारलं होतं की हे टळणार असेल तर बघ. तू तर सोमवारी सकाळी एका दमात सगळं ठरवून टाकलंस. आणि त्याला बायको-पोरं नव्हती. त्याच्या वधस्तंभाखाली त्याची आय मात्र उभी होती, आणि तिला कुणी काही विचारलं नव्हतं. पूर्वी मी उत्तम शुक्रवारी त्याच्याकडे बघायची. आता मी तिच्याकडे बघते. आज तीन तास तिच्याकडेच बघत होते. पाळक म्हणाले, मुकाट्यानं सोसा. मुकाट्यानं! तू मुकाट्यानं सोसलंस म्हणून एका बाईनं वर्षानुवर्षं चुकीच्या माणसाला शाप दिले आणि खऱ्या माणसाला रोज नमस्कार केला. तुझ्या गप्प बसण्यानं तिला काय मिळालं? तिचं दुःखसुद्धा तू खोट्या पत्त्यावर पाठवलंस. सोसणाऱ्याला देव जवळ घेत असेल. पण ज्यानं सोसायला लावलं त्याला तो काही विचारतो की नाही, आणि ज्यांनी बघितलं त्यांना? असा देव मला हवा आहे जो आधी विचारील आणि मग जवळ घेईल. तसा तो आहे अशी माझी श्रद्धा आहे, म्हणून तर अजून मंदिरात जाते. नाहीतर केव्हाच सोडून दिलं असतं. पण सोडवलेल्यांनी रागावायचं नसतं असं मला कुठल्याही शास्त्रात सापडलेलं नाही, आणि मी शोधलं आहे.

उजेड उतरायला लागला आहे. हे कागद मी फाडणार नाही, कुणाला दाखवणारही नाही, ट्रंकेत तळाशी ठेवीन. एवढं सगळं तुझ्यावर ओतलं, तर एक राहिलेलं सांगते. त्या रविवारी मंदिर रिकामं झाल्यावर ती वाळूवाली बाई माझ्यापाशी आली. माझा हात धरून म्हणाली, "तू तरी गो, तू लेक त्याची. तुला तरी म्हाईत व्हतं ना, त्यानं घेतलं नाय म्हनून?" मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "हो, मावशी. मला पहिल्यापासून माहीत होतं." तिला जरा बरं वाटलं. निदान घरात तरी तुझ्यावर विश्वास होता, असं तिला वाटलं. मला माहीत नव्हतं बा. आय मला परोपरीनं सांगायची, तुज्या बानं घेतला नाय, आणि मी मनात म्हणायची, बायका नवऱ्यासाठी असंच म्हणतात. मास्तर बाकावर बसून बोलले त्या दुपारपर्यंत मी तुला चोरच समजत होते.